सुखना तलावाचं पाणलोट आणि तज्ज्ञांची जबाबदारी



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी दोन पिढ्यांना भूमापन शिकवलं. नकाशा वाचता येणं ही त्यांच्या लेखी नागरिकाची किमान पात्रता होती. म्हणून आजचा विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. पर्यावरणाचे कायदे दिल्लीत होतात, नियम मुंबईत होतात, आणि ते अंमलात आणायची वेळ येते ती नगरपालिकेच्या एखाद्या कनिष्ठ अभियंत्यावर. त्याच्या टेबलावर अधिसूचना पडलेली असते, शेजारी बांधकाम परवानगीची फाइल असते, आणि या दोन कागदांमध्ये जे ज्ञान लागतं ते बहुतेक वेळा त्याच्या कार्यालयात नसतं. ते ज्ञान गावातच असतं: भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकाकडे, मृदा संशोधकाकडे, वास्तुरचनाकाराकडे, संगणक अभियंत्याकडे, वकिलाकडे. हे लोक त्या टेबलापर्यंत कसे पोचतात, पोचल्यावर काय करतात आणि कुठे कमी पडतात, हे मला आज मांडायचं आहे.

उदाहरण घेतोय चंदीगडचं. आपल्याकडे उदाहरणांची वाण नाही, त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण चंदीगडच्या ईशान्य कोपऱ्यात, काही किलोमीटरांच्या टापूत, या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकत्र सापडतात आणि पन्नास-साठ वर्षांचा हिशेब समोर ठेवता येतो. त्या कोपऱ्यात राजीव गांधी चंदीगड टेक्नॉलॉजी पार्क आहे. सगळे त्याला नुसतं आयटी पार्क म्हणतात. २००५ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. काचेच्या इमारती, मोठाल्या कंपन्या, संध्याकाळी सुटणारी हजारो तरुण मंडळी. आपल्या हिंजवडीत किंवा खराडीत वावरलेल्या माणसाला तिथे काही परकं वाटणार नाही. त्याला लागून किशनगढ हे जुनं गाव, गावापलीकडे सुखना तलाव, आणि तलावाच्या वर शिवालिकच्या टेकड्यांमध्ये सुखना अभयारण्य. म्हणजे संगणकासमोर बसलेला माणूस आणि बिबट्याचं जंगल यांच्यात अंतर असं फारसं नाहीच.

तलाव मानवनिर्मित आहे. शिवालिकमधून पावसाळ्यात धावत येणाऱ्या सुखना नावाच्या ओढ्यावर १९५८ साली बांध घालून तो तयार झाला. ल कॉर्ब्युझिए यांची कल्पना आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांची जिद्द, असं त्याचं वर्णन करतात. पण शिवालिक म्हणजे आपला सह्याद्री नव्हे. आपल्या बेसॉल्टच्या कड्यावरून पाणी धो धो वाहिलं तरी कडा शाबूत राहतो. शिवालिक ठिसूळ आहे: वाळूखडक, माती आणि गोटे यांचा नीट न घट्टावलेला थर. वरचा झाडोरा गेला की एका पावसाळ्यात घळी पडतात. झालंही तसंच. तलाव भरायला लागला तो पाण्याबरोबर गाळानेही. दोन दशकांत त्याच्या साठवण क्षमतेचा मोठा हिस्सा गाळाने खाल्ला. सरकारने पाणलोटातली जमीन ताब्यात घेतली, झाडं लावली, गाळ अडवायची व्यवस्था केली. पुढे शहरातल्या लोकांनी फावडी-घमेली घेऊन श्रमदानाने गाळ उपसला, तेही मोठ्या आपुलकीने. पण येणारा गाळ उपसण्याच्या वेगाला ऐकत नव्हता.

इथे केंद्रीय मृदा व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंदीगड केंद्राचे प्रमुख पी. आर. मिश्रा यांचं काम सुरू होतं. त्याबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण पर्यावरण धोरणात तज्ज्ञाने काय करावं याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. मिश्रांच्या चमूने पहिला प्रश्न साधा विचारला: गाळ येतो कुठून? पाणलोट वर चढत चढत ते सुखोमाजरी नावाच्या गावापर्यंत गेले. हरियाणातलं, शिवालिकच्या पायथ्याचं, गुज्जर समाजाचं छोटं गाव. शेती कोरडवाहू, तीही बेभरवशाची. मग पोट भरायचं तर शेळ्या आणि गुरं, आणि ती चरायला मागच्या टेकड्यांवर. टेकड्या उघड्या पडलेल्या, घळी वर्षागणिक शेतांत सरकणाऱ्या. चंदीगडच्या सुंदर तलावातल्या गाळाचा माग असा एका गरीब गावाच्या शेळ्यांपाशी पोचला.

संशोधकांनी आपल्या शास्त्राप्रमाणे चर खणले, झाडं लावली, घळींना बांध घातले. ते सगळं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. पण शेळ्या चरतच राहिल्या. गावाने तज्ज्ञांना विरोध केला नाही आणि साथही दिली नाही. यात आमचं काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हतं. मग १९७६-७७ च्या सुमाराला घळीत घातलेल्या एका मातीच्या बांधामागे पाणी साठलं. त्या हंगामात पावसाने दगा दिला, पिकं करपायला लागली, आणि गावकऱ्यांनी ते पाणी शेताला मागितलं. बांध गाळ अडवण्यासाठी होता, सिंचनासाठी नव्हता. मिश्रांनी पाणी दिलं. पीक वाचलं. तिथून सगळं फिरलं, कारण मागच्या टेकडीवर गवत राहिलं तरच बांधात गाळ कमी येईल आणि पाणी टिकेल, हे आता गावाला स्वतःच्या शेतात दिसत होतं.

पण गोष्ट इथेच थांबली असती तर पाणी फक्त जमीनवाल्यांचं झालं असतं, आणि जमीन नसलेल्यांनी टेकडी का सोडावी? म्हणून नियम असा ठरला की पाण्यावर प्रत्येक घराचा सारखा हक्क. जमीन असो वा नसो. ज्याला शेत नाही त्याने आपला वाटा दुसऱ्याला द्यावा आणि मोबदला घ्यावा. १९७९ च्या सुमाराला गावाची पाणी वापरणाऱ्यांची संस्था उभी राहिली, तीच पुढे टेकडी-संसाधन व्यवस्थापन सोसायटी झाली. चराईबंदी कुंपणाने झाली नाही, गावाने आपणहून पाळली. शेळ्या घटल्या, गोठ्यात बांधलेल्या म्हशी वाढल्या. टेकडीवर भाबर गवत माजलं. त्याचे दोर वळतात आणि कागद गिरणीतही ते जातं. पूर्वी या गवताचा लिलाव वनखातं ठेकेदाराला करायचं. मिश्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणाच्या वनखात्याला पटवलं की हा ठेका गावच्या सोसायटीला द्या. हे पटवणं मला धरणाच्या रेखांकनाइतकंच महत्त्वाचं वाटतं. एक मृदाशास्त्रज्ञ दुसऱ्या खात्याच्या महसुलाच्या नियमात बदल मागत होता, आणि त्याच्या हातात आकडे होते म्हणून ते खातं ऐकत होतं. त्या पाणलोटातून तलावाकडे येणारा गाळ प्रचंड प्रमाणात घटला. पुढे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी सुखोमाजरीचं नाव देशभर नेलं, आणि संयुक्त वनव्यवस्थापनाच्या धोरणात या अनुभवाचा वाटा राहिला.

आपल्याकडे राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारच्या कथा आपण अशाच अभिमानाने सांगतो. सांगाव्यातच. पण सुखोमाजरीचा पुढचा भागही सांगायला हवा, कारण यशोगाथेनंतरची वर्षं कुणी लिहीत नाही. बांध कालांतराने गाळाने भरतातच, त्यांची देखभाल लागते. गवताच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून सोसायटी आणि सरकार यांच्यात ओढाताण झाली. मूळ शास्त्रज्ञ बदलून गेले, निवृत्त झाले. ज्या दिवशी तज्ज्ञाचं लक्ष उठतं त्या दिवशी व्यवस्थेत त्याची जागा घेणारं कुणी नेमलेलं असावं लागतं. तिथे तसं पुरेसं झालं नाही.

आणि दुसरी एक गुंतागुंत. पाणलोटात बांध झाले, जंगल दाट झालं, १९९८ मध्ये तिथे सुमारे २६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. गाळ थांबला, पण काही वर्षी तलावात पाणीच पुरेसं येईना. दहा-बारा वर्षांपूर्वी तलाव आटतो की काय अशी वेळ आली, नलिकाकूपांचं पाणी त्यात सोडावं लागलं. बांध गाळाबरोबर पाणीही अडवतो आणि वाढलेली झाडं पाणी पितात, हे जलशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवीन नाही. रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने सुखनाच्या पाण्याचा अभ्यास केला तो याच पार्श्वभूमीवर. त्यानंतर २०२० च्या ऑगस्टमध्ये इतका पाऊस झाला की पातळी ११६३ फुटांच्या धोक्याच्या रेषेला भिडली, दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या अंगाला बलटाण्याच्या वस्तीत पाणी शिरलं. २०२३ च्या जुलैत पुन्हा दरवाजे उघडले. एकाच तलावाला कोरड आणि पूर, दोन्ही दहा वर्षांच्या आत. म्हणून एकदा अहवाल देऊन निघून जाणारा तज्ज्ञ स्थानिक संस्थेच्या फारसा कामाचा नसतो. पर्जन्यमापकाची नोंद, ओढ्याचा प्रवाह, तलावाची पातळी, गाळाची जाडी ही मोजमापं दरवर्षी लागतात, आणि मागच्या वर्षीच्या मोजमापाशेजारी ठेवावी लागतात.

आता नकाशाकडे येतो. सरांना ही गोष्ट आवडली असती. तलावाचं पाणलोट पंजाब, हरियाणा आणि चंदीगड या तीन प्रशासनांत विभागलेलं आहे. प्रत्येक जण आपापल्या हद्दीत परवानग्या देत होता आणि पाणलोट नेमकं कुठपर्यंत आहे यावर वाद घालत होता. २००४ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने सुखनाच्या पाणलोटाचा नकाशा तयार केला. पाणी कुठल्या बाजूला वाहतं हे समोच्च रेषांवरून ठरतं. राज्याची हद्द पाण्याला ठाऊक नसते. त्या नकाशाने पुढच्या पंधरा-सोळा वर्षांच्या खटल्यांचा पाया घातला. पंजाबच्या हद्दीतल्या कांसल गावात टाटा हाउसिंगचा उंच मनोऱ्यांचा कॅमेलॉट प्रकल्प येऊ घातला होता. जागा अभयारण्याच्या हद्दीपासून सुमारे सव्वाशे मीटरवर. नयागाव नगर पंचायतीने २०१३ मध्ये त्याला मंजुरी दिली होती, आणि पंजाब सरकार अभयारण्याभोवती १०० मीटरचाच संरक्षक पट्टा सुचवत होतं. एका वकिलाने जनहित याचिका लढवली. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मंजुरी रद्द केली आणि ५ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. २ मार्च २०२० ला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तलावाला सजीव व्यक्तीचा दर्जा दिला तेव्हाही पाणलोटाची हद्द ठरवायला याच नकाशाचा आधार घेतला. कायदेशीर झगडा त्यानंतरही चालू राहिला. पण वाद नकाशाच्या आत आला, हे लक्षात घ्या.

मला त्या नगर पंचायतीविषयी विचार करावासा वाटतो. मंजुरी देणाऱ्या त्या छोट्या कार्यालयात पाणलोटाचा नकाशा वाचून दाखवणारा माणूस कोण होता? विकासकाकडे वास्तुरचनाकार होते, सल्लागार होते, वकील होते. नगर पंचायतीच्या बाजूने कोण होतं? आपल्या कर्जत-नेरळला, लोणावळ्याला, सावंतवाडीला हा प्रश्न जसाच्या तसा लागू आहे.

आयटी पार्कवरही हीच वेळ आली. १८ जानेवारी २०१७ च्या अधिसूचनेने अभयारण्याभोवती चंदीगडच्या बाजूला २ ते २.७५ किलोमीटरचा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टा ठरला, आणि चंदीगड गृहनिर्माण मंडळाने आयटी पार्कमध्ये घातलेला सातशेहून अधिक सदनिकांचा घाट त्या पट्ट्याच्या नियमांत अडकला. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या तज्ज्ञांनी स्थलांतरित पक्ष्यांच्या मार्गाचा मुद्दा मांडला. हिवाळ्यात सुखनावर पट्टकादंब आणि बदकं हिमालय ओलांडून येतात. २०२२ मध्ये वन्यजीव मंजुरी नाकारली गेली. घरं हवी असलेल्या कुटुंबांचं दुःख मी कमी लेखत नाही. मध्यमवर्गीय माणसाला चंदीगडमध्ये घर परवडत नाही हे खरं आहे. म्हणूनच हे सगळं जमीन ठरवताना, आराखड्याच्या पहिल्या कागदावर व्हायला हवं होतं. १० जानेवारी २०२३ च्या निकालात, चंदीगडच्याच जुन्या सेक्टरांमधल्या मजलानिहाय सदनिकांच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने शहरी विकासाला परवानगी देण्याआधी पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास व्हावा, असं केंद्र आणि राज्यांना सुचवलं. अमरावतीच्या मातीतल्या न्यायाधीशाने चंदीगडच्या निमित्ताने सगळ्या देशाच्या शहरांना हे सांगितलं, याचं आपल्याला कौतुक वाटलं पाहिजे आणि त्याची अंमलबजावणी आपल्या शहरात कुठवर आली हेही विचारलं पाहिजे.

आता आपल्या घरी येऊ. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये संवेदनशील क्षेत्र झालं, त्यामागे बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपसारख्या संस्थांतल्या अभ्यासकांची वर्षानुवर्षांची चिकाटी होती. पुण्यात अॅक्वाडॅमच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी शहराखालचं भूजल समजावून दिलं म्हणून टेकडी ही पाणी मुरण्याची जागा आहे, असं आज सामान्य पुणेकर बोलतो. समाविष्ट गावांमधल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण १९९७ नंतरच्या आराखड्यातून पुढे आलं आणि त्याला राज्य सरकारची मान्यता मिळायला २०१५ उजाडलं. एवढी वर्षं मागे लागून राहणारी माणसं वनस्पतिशास्त्र, नियोजन, कायदा अशा नाना क्षेत्रांतली होती.

पण जिथे कायद्याने तज्ज्ञाला खुर्ची दिली आहे तिथे काय झालं? आपला १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा वृक्ष प्राधिकरणात झाडांचे जाणकार घ्यायची सोय करतो. मुंबई महापालिकेच्या प्राधिकरणात असे तज्ज्ञ नेमलेच नव्हते, म्हणून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्याच्या निर्णयांना रोखावं लागलं. मग तज्ज्ञ आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आरेतली दोन हजारांहून अधिक झाडं तोडण्याचा प्रस्ताव मंजूर झाला आणि त्यानंतर लगेच दोन तज्ज्ञांनी राजीनामे दिले. बैठकीत आपल्याला नीट बोलू दिलं नाही, मतदान गोंधळात झालं, अशी त्यांची तक्रार होती. मला त्या राजीनाम्यांचा आदर आहे. पण खुर्ची मिळणं पुरेसं नसतं, हे आपण त्यातून शिकायला हवं. कागद किती दिवस आधी मिळाले, जागेवर जाता आलं का, आपलं वेगळं मत इतिवृत्तात शब्दशः नोंदलं गेलं का, हे हक्क खुर्चीबरोबर मागून घ्यावे लागतात.

याहून नाजूक गोष्ट पैशाची. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण परिणामांचा अहवाल लागतो. तो लिहिणारा सल्लागार मान्यताप्राप्त असतो, पण त्याचं बिल प्रकल्पवाला भरतो. यात प्रत्येक सल्लागार अप्रामाणिक असतो असं मी म्हणत नाही. मी अनेक सचोटीचे लोक जवळून पाहिले आहेत. पण ज्या शहरात तोच भूगर्भतज्ज्ञ सोमवारी बिल्डरला अहवाल देतो आणि गुरुवारी महापालिकेच्या समितीवर बसतो, त्या शहरात लोकांचा विश्वास कसा टिकणार? डॉक्टर, वकील यांच्या परिषदा आहेत, नोंदणी रद्द होऊ शकते. पर्यावरणावर सल्ला देणाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या सभासदांसाठी हितसंबंध जाहीर करण्याचा नियम स्वतःहून करावा, आणि तो मोडणाऱ्याला समितीसाठी नाव सुचवू नये. सरकारची वाट पाहण्याचं कारण नाही.

आयटी पार्कमधल्या, हिंजवडीतल्या तरुणांना मला वेगळं काही सांगायचं आहे. रविवारी रोप लावणं चांगलंच, पण तुमच्याकडे त्याहून दुर्मीळ कौशल्य आहे. तुम्हाला आकडे सांभाळता येतात, नकाशे जोडता येतात. किशनगढच्या बाजूने तलावाचा दरवाजा उघडला तर पाणी कुठून कुठे जाईल, याचा नकाशा वॉर्ड कार्यालयाच्या भिंतीवर लागावा, असं काम तुम्ही करू शकता. संवेदनशील पट्ट्याची हद्द अधिसूचनेत अक्षांश-रेखांशांच्या रांगांत छापलेली असते. ती गट नंबरांवर बसवून दिली तर तलाठ्यालाही वापरता येते, घर बांधणाऱ्यालाही. फक्त ते काम पूर्ण करून, त्यावर आपलं नाव घालून, त्या कार्यालयाच्या ताब्यात द्या आणि दरवर्षी अद्ययावत करा. अर्धवट सोडलेल्या अॅपपेक्षा हद्दीच्या दगडाची अचूक नोंद कितीतरी उपयोगी.

आपल्या महाराष्ट्रात महापालिका कायद्याच्या कलम ६७अ नुसार आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महासभेपुढे ठेवावा लागतो. हवा, पाणी, कचरा, झाडं, ऊर्जा यांचा शहराचा ताळेबंद. अनेक ठिकाणी मागच्या वर्षीचीच पानं नव्या मुखपृष्ठाखाली येतात, कारण आकडे तपासणारं कुणी नसतं. आज या सभागृहात अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत. आपल्या शहराचा मागच्या तीन वर्षांचा अहवाल मागवा, एकेक प्रकरण एकेकाने वाटून घ्या, भूजलाच्या पातळीचे आकडे स्वतः विहिरीवर जाऊन पडताळा, आणि लेखी हरकती, सुधारलेल्या आकड्यांसह, पुढचा अहवाल महासभेपुढे जायच्या आत पर्यावरण विभागाकडे द्या. त्याची पोच घ्या.